खांबेटे सरांची रेघ

खांबेटे सर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात आणि मग नमस्कार म्हणतात. कॅलेंडर सरळच असलं तर घड्याळाकडे वळतात. घड्याळही सरळ निघालं तर त्यांचा जरा हिरमोड होतो, पण दाराशी पायपुसणं असतंच.

आमच्या शाळेतले शिपाईमामा वारले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. सर पुढे झाले, हार घातलेल्या फोटोपाशी वाकले आणि बराच वेळ तसेच वाकलेले राहिले. मामांच्या बायकोला भरून आलं. "सरांचा फार जीव होता ह्यांच्यावर," असं त्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या. मी शेजारीच उभी होते म्हणून मला दिसलं. फोटो डावीकडे कलला होता आणि सर त्याच्याखाली आगकाडीचा तुकडा सारत होते.

मला इतका संताप आला! बाहेर पडल्या पडल्या मी त्यांना धरलं. "सर, शोभतं का हे? दुःखाच्या घरी?"

"बाई, माणूस आयुष्यभर सरळ वागला," सर म्हणाले, "फोटोत का म्हणून वाकडा राहावा?"

मी रिक्षा केली आणि घरी आले.

तर हे खांबेटे सर आमच्या कोथरूडच्या शाळेत चित्रकला शिकवतात. मी दुसरी ब ची वर्गशिक्षिका, पळसुले बाई. म्हणजे आठवड्यातले दोन तास माझी पोरं सरांच्या ताब्यात आणि उरलेला आठवडा सरांबद्दलच्या तक्रारी माझ्या ताब्यात. सर उंच, शिडशिडीत, शर्टाच्या बाहीची इस्त्री अशी की बोट कापेल. जून ते दिवाळी ते मुलांना फक्त रेघ शिकवतात. पट्टी न घेता, खोडरबर न घेता, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ. मुलाची रेघ वाकडी आली की तिच्या शेजारी लाल पेन्सिलीने स्वतःची मारतात. बोलत काही नाहीत. मुलाने दोन्हीकडे बघायचं आणि समजून घ्यायचं.

"माझ्या मुलीने अजून एक फूलसुद्धा काढलेलं नाही," अशी एक आई भांडायला आली होती.

"फूल कशाने काढतात?" सरांनी विचारलं.

"म्हणजे? पेन्सिलीने."

"रेघेने काढतात. रेघ आली की फूल येईल. आपण बसा, पाणी घ्या."

सरांचं आवडतं वाक्य म्हणजे "माझा निषेध आहे." स्टाफरूममधला चहा पातळ झाला की निषेध. बस थांब्याच्या पुढे जाऊन थांबली की निषेध, आणि तोही कंडक्टरला तोंडावर, तिकीट घेता घेता. फळ्यावर मी सुविचार लिहिला आणि ओळ शेवटी शेवटी वर चढली तर सर दारातूनच "निषेध आहे बाई" म्हणून पुढे जातात. निषेध केल्यावर ते दुसरं काही करत नाहीत. तो केला की त्यांचं काम झालं. दिवसभरात इतके निषेध करणारा माणूस रात्री शांत झोपत असणार, असं मला नेहमी वाटायचं.

एकदा दिवाळीत फराळाचा डबा द्यायला मी सदाशिव पेठेत त्यांच्या घरी गेले होते. दोन खोल्या. वर्तमानपत्र टेबलाच्या कडेला समांतर, चपलांचा एकच जोड भिंतीला समांतर, ओट्यावर एक कप आणि एक बशी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन परदेशात. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "किती नीटनेटकं ठेवता हो घर!"

"विसकटायला कोण आहे?" सर म्हणाले आणि माझ्या हातातला डबा घेऊन त्यांनी तो टेबलाच्या कोपऱ्यात काटकोनात ठेवला.

आता या माणसावर या वर्षी काय वेळ यावी? आमच्या संस्थेला हल्ली दर वर्षी काहीतरी नवीन लागतं. गेल्या वर्षी ध्यानधारणा होती, त्यात अर्धी दुसरी ब झोपली. या वर्षी ठरलं की गॅदरिंगच्या स्टेजमागचा पडदा मुलांनीच रंगवायचा. सगळ्या वर्गाने मिळून एकच चित्र काढायचं आणि तेसुद्धा अमूर्त! वर्ग कुठला, तर दुसरी ब. का, तर आमचा वर्ग हॉलला लागून आहे. इतकं साधं कारण. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मार्गदर्शन करायला बाहेरून इरा मॅडम आल्या. पंचविशीची मुलगी, कानात लाकडी डूल, बोलायला गोड. "सर, मुलांना काय काढायचं ते सांगायचं नाही. चूक-बरोबर असं काही नाहीच. खोडायचं नाही. प्रॉडक्टपेक्षा प्रोसेस महत्त्वाची."

"अमूर्त ना?" सर म्हणाले. "मूर्त अजून कुणाला आलेलं नाही. आधी मूर्त, मग अमूर्त. असा क्रम आहे तो."

"लहान मुलांचं उलटं असतं, सर."

"माझा निषेध आहे. बरं, मग मी काय करायचं?"

"काहीच नाही. आपण फक्त तिथे असायचं."

"नुसतं असायला मला घर आहे," सर म्हणाले.

मी सरांच्या बाजूची होते, पण माझा राग वेगळा होता. सातचा पाढा कुणाला येत नाही, जोडाक्षरांच्या नावाने शंख, आणि पोरं रोज एक तास रंगात लोळणार. वर त्यांच्या आयांचे मला मेसेज. 'टीचर, गणवेशावरचा निळा डाग कशाने जाईल?' मी काय लाँड्री चालवते?

हॉलमध्ये मांजरपाटाचे पन्हे शिवून केलेलं भलंमोठं कापड अंथरलं. डिस्टेंपरमध्ये रंग कालवून वाट्या भरल्या. इरा मॅडम "मोकळं सोडा" असं सांगून दुसऱ्या शाळेत गेल्या आणि त्यांची पाठ वळताच सरांनी खिशातून दोरी काढली. गवंडी लोक गेरूत बुडवलेली दोरी ताणतात आणि टणकन सोडतात, तशा दोरीने सरांनी अख्ख्या कापडावर चौकोन आखायला घेतले. प्रत्येक मुलाला एक चौकोन, त्यात हजेरी क्रमांक. आपापल्या घरात बसायचं, दुसऱ्याच्या घरात जायचं नाही. अमूर्त कलेचा इतका कडक बंदोबस्त जगात कुठे झाला नसेल.

बरोबर मधली उभी रेघ मारताना दोरीचं दुसरं टोक ओवीच्या हातात होतं. ओवी शिवणे गावातली, शेतकऱ्याची नात, वर्गातली सगळ्यात बडबडी. तिला नेमकी तेव्हाच शिंक आली आणि रेघ सापासारखी उमटली.

"निषेध!" सर म्हणाले. त्यांनी ती रेघ ओल्या फडक्याने पुसली. मग दोरी बाजूला ठेवली. चपला काढल्या, पँट घोट्यापर्यंत दुमडली, रुंद ब्रश लाल रंगात बुडवला. "बघा. एकदाच दाखवीन." आणि वाकून, उलटं चालत, एका दमात त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. हात कुठे थांबला नाही की थरथरला नाही. पोरं श्वास रोखून बघत होती. सरांनी कंबर सरळ केली आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवता? रेघ आहे ती," सर खेकसले. पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

चौकोनांची शिस्त दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी ओवीने निळ्यात पाणी जास्त घातलं आणि ओघळ थेट शेजारच्या आरुषच्या चौकोनात गेला.

"ओवी!" सर कडाडले.

"असू दे सर," आरुष मान वरही न करता म्हणाला, "माझ्याकडे आलीय ती." आणि त्याने त्या निळ्याला आपला पिवळा लावला. हिरवा झाला. मग जो आरडाओरडा झाला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला. हिरवा रंग काय यांनी आयुष्यात पाहिला नव्हता? पण नाही, हा त्यांनी केलेला हिरवा होता. तास संपेपर्यंत सगळी पोरं सगळ्यांच्या घरात शिरली होती. हजेरी क्रमांक गेले, चौकोन गेले. मी तोंडाला येईल ते ओरडत होते. सर ओलं फडकं हातात घेऊन एका कोपऱ्यात उभे होते.

"ओरडू नका बाई," ते म्हणाले, "दचकून कुणाचा तरी पाय पडेल ओल्यावर."

हे खांबेटे सर?

पुढचे दोन-तीन आठवडे सरांचे निषेध चालूच होते. "चित्र नव्हे हे, उकिरडा आहे," असं चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवायचे. पण मोकळा तास मिळाला की हॉलमध्ये जाऊन वाट्यांतले रंग ढवळून ठेवायचे. ब्रश स्वतः धुवायचे, आणि धुतलेले ब्रश उंचीप्रमाणे लावायचे, ते काही सुटलं नाही.

चित्र पुरं झालं आणि वाळायला दोरीवर टांगलं. आम्ही सगळे बघायला उभे राहिलो. खरं सांगते, मला त्यातलं काही कळलं नाही, पण नजर हलेना. आणि तेव्हा सरांच्या लक्षात आलं. मधोमध ती लाल रेघ तशीच्या तशी होती. दोन्हीकडून रंग तिच्यापर्यंत आले होते आणि बोटभर अंतर राखून थांबले होते.

"इथे का नाही रंगवलं?" सरांनी विचारलं. "कापड उघडं राहिलंय."

"ती रेघ तुमची हाय ना सर," ओवी म्हणाली. "आम्ही ठरवलं होतं, तिच्यावर कुणी जायचं न्हाई."

"एकदा वेदांतचा ब्रश लागला होता," आरुषने माहिती पुरवली. "मी लगेच पुसलं."

"बरं," सर म्हणाले आणि पाणी प्यायला गेले. पाणी प्यायला माणसाला किती वेळ लागतो? तास संपल्याची घंटा झाली तरी ते आले नव्हते.

इथे गोष्ट संपायला काय हरकत होती? पण दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, संस्थेच्या दोन सभासदांना घेऊन पडदा बघायला आल्या. बरोबर आरुषची आई. त्या इंटिरिअर डिझायनर आहेत, त्यामुळे शाळेतल्या भिंतींबद्दल त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे खिळा ठोकत नाहीत.

"छान आहे," मोठ्या बाई जरा वेळाने म्हणाल्या, "पण हे काय आहे?"

आरुषच्या आईने मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "मॅडम, इतकं कलरफुल आहे ना! फक्त मधोमध एक खोड काढा. झाड होईल बघा."

"अय्या, खरंच की!" मोठ्या बाई म्हणाल्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. घडीभरापूर्वी ज्यांना नुसता गोंधळ दिसत होता त्यांना फांद्या दिसायला लागल्या. एका सभासदांना तर पोपट दिसला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, पोरांनी तीन आठवडे पाठ मोडून केलंय ते! त्यांना झाड काढायचं असतं तर त्यांनी झाड काढलं नसतं का? दुसरीतल्या मुलाला झाड काढता येत नाही असं वाटतं की काय तुम्हाला?

हे सगळं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायचं काम खांबेटे सरांचं, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं.

"सर, खोड तुम्हीच काढा," मोठ्या बाई म्हणाल्या. "इतकं सरळ दुसरं कोण काढणार?"

आता येणार निषेध, या वर्षातला सगळ्यात मोठा, असं मला वाटलं. सर त्या लाल रेघेकडे बघत होते. खोड तिच्यावरूनच जाणार होतं, मधोमध.

"बरं," सर म्हणाले.

बरं? स्टाफरूममध्ये गेल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. "चहा पातळ झाला तर निषेध करता! बस चार पावलं पुढे थांबली तर निषेध करता! आणि आज तोंडात काय धरून बसला होतात?"

"काय सांगू मोठ्या बाईंना?" सर एकदम चिडून म्हणाले. "सांगा ना, काय सांगू? खोड नको, तिथे माझी रेघ आहे, असं? या वयात? मी काय दुसरीत आहे?"

त्यांचा आवाज चिरकला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खरोखर रागावलेलं पाहिलं, निषेध वेगळा. मग त्यांनी टेबलावरच्या वह्यांचा गठ्ठा विनाकारण सरळ केला आणि निघून गेले.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये गेले. बाहेर पटांगणात तिसरीच्या लेझीमचा ठणठणाट चालला होता. सर पडद्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी तपकिरी रंगाची मोठी वाटी, रंगावर साय धरलेली. ब्रश कोरडा.

"जागा नाही हो बाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"कसली?"

"खोडाला. सकाळपासून शोधतोय. सगळीकडे कुणी ना कुणी आहे." त्यांनी हात वर केला. "ही ओवी. पाणी जास्त घेते, म्हणून ओघळते. हा आरुष, दुसऱ्याच्या रंगापाशी गेल्याशिवाय याला करमत नाही. हे बारके ठिपके बघा, ही तुमची सानिका. वर्गात तोंड उघडत नाही म्हणता ना? इथे बघा किती बोललीय. आता यातल्या कुणाच्या अंगावर काढू मी खोड?"

सरांनी कोरडा ब्रश खुर्चीखाली सरळ ठेवला.

"इतकी वर्षं मी पोरांच्या रेघेशेजारी माझी रेघ मारत आलो. वही भरली की ती रद्दीत जाते, त्यांची रेघही जाते आणि माझीही. त्याचं काही वाटलं नाही कधी. पण या कार्ट्यांनी जागा सोडली हो माझ्यासाठी. कुणी सांगितलं नव्हतं."

माझा संताप दोन दिवस नुसता आत खदखदत होता. मी वाटी उचलली, हॉलमागच्या मोरीत गेले आणि तो सगळा तपकिरी रंग ओतून दिला. वर दोन बादल्या पाणी टाकलं.

"आता रंगच संपला म्हणून सांगा," मी म्हटलं.

"खोटं कशाला बोलू?" सर म्हणाले. "विचारलं तर जे आहे ते सांगेन."

गॅदरिंगला पडदा लागला तो बिनखोडाचा. दिवे लागले आणि मोठ्या बाईंचा चेहरा मी पाहिला. पहिल्या रांगेत आरुषची आई ताठ झाली. पण पाहुणे येऊन बसले होते, आता करणार काय? पाहुणे म्हणजे निवृत्त मोठे अधिकारी, मोकळ्या स्वभावाचे. भाषणाला उभे राहिले, मागे वळून पडद्याकडे पाहिलं आणि माईकवरच म्हणाले, "वा! पण हे आहे तरी काय?"

मोठ्या बाईंनी स्टेजच्या कडेला बघितलं. तिथे नाचाच्या पोशाखातली माझी सगळी पोरं दाटीवाटीने उभी होती आणि त्यांच्या मधे खांबेटे सर.

"दुसरी ब," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे ही मुलं, साहेब. सगळा वर्ग आहे त्यात. एकही गैरहजर नाही. मोजून घ्या."

सभागृहात हशा पिकला. पाहुणेही हसले. तेवढ्यात ओवीने सरांची बाही ओढली. स्टेजवर माईक चालू होता, त्यामुळे तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"सर, तुम्हाला पण मोजायला सांगा ना."

"सरही आहेत का यात?" पाहुण्यांनी विचारलं. "कुठे आहेत?"

"मधे!" अख्खी दुसरी ब ओरडली.

लोक मान उंचावून रेघ शोधायला लागले. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घालायचा विसरून तसाच हातात धरून उभे राहिले. त्यांच्या इस्त्रीच्या बाहीवर, नाचासाठी आलता लावलेल्या ओवीच्या हाताचा लाल पंजा उमटला होता.